मृत्युंजय जॉबरची रायफल

दोन हजार दोन सालच्या एप्रिलातला रविवार होता. सकाळचा सराव आटोपला, सगळ्यांनी आपापले छर्ऱ्यांचे डबे आवरले, आणि सुभेदार हंबीरराव खुर्चीवरून न उठताच म्हणाले, "ऐका सगळ्यांनी. परदेशातनं माल मागवायचा हाय. पुढच्या सोमवारी कागद मुंबईला जातोय. माणशी एकच हत्यार मिळणार. कुणाला काय पायजे ते नीट इचार करून सांगा. मागनं माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय."

मग त्यांनी मृत्युंजयकडे पाहिलं. "तुला इचारायची गरजच न्हाय. डाव्या मुठीचं पिस्तूल. लिवतोय मी."

सुभेदारांचं पेन कागदावर टेकलंही होतं. मृत्युंजय म्हणाला, "जरा थांबा की. सोमवारपतोर सांगतो."

सुभेदारांनी चष्म्यावरून बघितलं. तीन वर्षांत या माणसानं त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. "बरं," ते म्हणाले आणि पेन मिटलं.

ही नेमबाजीची रेंज म्हणजे कोल्हापूरच्या मार्केट यार्डाच्या मागचं एक जुनं गुळाचं गोदाम होतं. गूळ जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात भिंती तापल्या की गोडूस वास सुटायचाच. एका टोकाला टेबलं मांडलेली, दहा मीटरवर समोरच्या टोकाला कागदाची टार्गेटं. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या हंबीररावांनी चार हौशी माणसं गोळा करून हे उभं केलं होतं. आणि मृत्युंजय तिथं पहिल्यांदा आला तो नेमबाज म्हणून नव्हे, तर दुरुस्ती करायला.

तो मूळचा इचलकरंजीचा. बापानं आयुष्यभर माग चालवला, मृत्युंजय त्याच्या पुढं जाऊन जॉबर झाला. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की आडवं सूत नेणारा धोटा कुठं अडकतोय, कुठला नट ढिला झालाय. चोवीस मागांच्या शेडमध्ये कानात कापसाचे बोळे घालूनही त्याला नेमका आजारी माग ऐकू यायचा. अंगात कसब होतं आणि कसबाबरोबर येतो तो जरा माजही होता. घसरलेला पट्टा तो मोटर बंद न करताच चढवायचा. मालक ओरडायचा, बाकीचे कौतुक करायचे.

चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात, दुपारच्या पाळीत, त्या पट्ट्यानं त्याचा उजवा हात ओढून घेतला. सुताच्या कांड्या भरणारी चिमणाबाई धावत जाऊन दाराजवळचं बटण बंद करून आली म्हणून हात तरी राहिला. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही गेली. अंगठा आणि त्याच्याजवळचं एक बोट तेवढं उरलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जे शिवता येईल ते शिवलं.

तेव्हा तो तिशीत होता. बरा झाल्यावर तो पुन्हा त्या शेडमध्ये गेला नाही. बोटं गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून लाज मोठी होती. सगळं गाव ज्याला हुशार म्हणायचं, त्याचा हात स्वतःच्याच मस्तीनं गेला होता. बायको महादेवीला घेऊन तो कोल्हापूरला आला आणि उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात नोकरीला लागला. लिहिणं, जेवणं, पाना फिरवणं, सगळं डाव्या हातानं शिकला. वर्षा-दीड वर्षात डावा हात असा तयार झाला की नवीन माणसाला तो जन्माचा डावखुरा वाटावा. उजवा हात मात्र पँटच्या खिशात गेला तो तिथंच राहिला. लग्नकार्याला, बसमध्ये, देवळात, कुठंही. कुणी हात पुढं केला तर तो डावा हात पुढं करायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा.

नव्याण्णवमध्ये हंबीरराव त्या वर्कशॉपात आले. टार्गेट पुढं-मागं नेणाऱ्या तारा त्यांच्या रेंजवर सारख्या घसरायच्या. दहा मीटर चालत जाऊन कागद बदलायचा म्हणजे सरावाचा निम्मा वेळ चालण्यातच जायचा. मालकानं मृत्युंजयला पाठवलं. त्यानं चाकं बघितली, तार बघितली आणि मागाच्या जुन्या पुल्या आणून दोन रविवारांत सहाही रांगा अशा चालू केल्या की टिचकी मारावी आणि टार्गेट सरसरत जावं.

सुभेदार खूश झाले. म्हणाले, "पैसं तर दिऊच. पर एक छर्रा मारून तरी जा पावणं."

"मला कुठलं जमतंय," मृत्युंजय म्हणाला. हात खिशात होता.

सुभेदारांनी खिशाकडं बघितलं, विचारलं मात्र काही नाही. एक पोस्टकार्ड घेतलं, त्याला मधोमध भोक पाडलं आणि म्हणाले, "हे हातभर लांब धर. दोन्ही डोळं उघडं ठेवून भोकातनं त्या घड्याळाकडं बघ. आता एक एक डोळा मीट."

उजवा डोळा मिटला तरी घड्याळ दिसत होतं. डावा मिटला की नाहीसं व्हायचं.

"डावा डोळा धनी हाय तुझा," सुभेदार म्हणाले. "लई जणांचा हात एक आणि डोळा दुसरा असतोय. तुझं दोन्ही एका बाजूला आलंय. देवाचं उपकार मान आणि उभा ऱ्हा."

त्या दिवशी क्लबचं जुनं पिस्तूल त्यानं डाव्या हातात धरलं. पिस्तूल हा एका हाताचा खेळ. दुसरा हात खिशात घालून उभं राहायचं असतं, तसा दंडकच आहे. आठ-दहा माणसांत पहिल्यांदाच असं झालं की सगळ्यांचाच एक हात खिशात होता आणि त्याच्याकडं कुणी वळून बघत नव्हतं. दहापैकी सहा छर्रे काळ्या गोलात गेले. घरी जाताना त्याला आपण सायकल चालवतोय याचंही भान नव्हतं.

पुढची तीन वर्षं एक रविवार चुकला नाही. दोन हजार एकमध्ये तो जिल्ह्यात पिस्तुलात दुसरा आला. तेही क्लबच्या उजव्या मुठीच्या पिस्तुलाला लाकडाचे तुकडे चिकटवून, कानस मारून डाव्या हाताला बसवलेलं असताना. सुभेदार उघड म्हणायचे, "ह्याच्या हातात खरं डाव्या मुठीचं पिस्तूल येऊ दे, मग बगा. ह्यो राष्ट्रीयला जाणार."

मग अडचण काय होती?

अडचण अशी होती की मागच्या दिवाळीत, रेंजवर गर्दी नसताना, त्यानं सहज म्हणून रायफल उचलली होती. रायफल पाच किलोची. डाव्या खांद्याला लावायची, तर पुढचं वजन तोलायला उजवा हातच लागतो. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खिशातला हात काढला. अंगठा आणि उरलेलं बोट यांच्या बेचक्यात रायफलचं लाकूड ठेवलं, कोपर बरगडीखाली कमरेच्या हाडावर टेकवलं. नळी खाली झुकली. मग हळूहळू ते वजन तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात आणि कोपरातून कमरेत उतरलं आणि थांबलं. सात वर्षांत त्या हातानं पेललेलं ते पहिलं वजन.

छर्रा भलतीकडंच गेला. क्लबच्या रायफली सगळ्या उजव्या खांद्याच्या, गाल टेकवायची जागाच उलट्या बाजूला. तरी तो त्यानंतर दर रविवारी, पिस्तुलाचा सराव झाला की वीस-पंचवीस छर्रे रायफलनं मारायचा. गुण असे पडायचे की सुभेदार तो कागद हातातही घेत नसत. म्हणायचे, "झाला खेळ? ठेव आता."

आणि आता सोमवारपर्यंत सांगायचं होतं. पिस्तूल की रायफल. जे येईल ते आयुष्यभर पुरायचं होतं. पाच वर्षं जादा पाळ्या करून जे साठवलं ते एकदाच खर्च होणार होतं.

आठवडाभर ज्याला विचारावं तो पिस्तूलच म्हणाला. वर्कशॉपचे मालक म्हणाले, "ज्यात नंबर येतो ते घ्यावं माणसानं, त्यात इचार कसला?" रेंजवरचे विजयसिंह वकील स्वतः रायफलवाले, तेही म्हणाले, "रायफलला नुसती रायफल पुरत नाही. जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, सगळं लागतं. पिस्तुलाला काय, पायात बूट असले की झालं. आणि तुम्हाला तर एका हाताचाच खेळ बरा." बोलून गेल्यावर वकील जरा ओशाळले. मृत्युंजय हसला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

शुक्रवारी जेवताना त्यानं महादेवीपुढं विषय काढला. महादेवी घरी ब्लाऊज शिवायची, कमी बोलायची, आणि बोलली तर शिलाईसारखं सरळ.

"तुमास्नी काय वाटतंय?" तिनं विचारलं.

"मला काय वाटायचं? पिस्तूल बरं. सगळी तेच म्हणालेत."

"सगळ्यास्नी न्हाय इचारलं मी."

महादेवीनं भाकरी त्याच्या ताटात वाढली. "एक सांगू काय? रागवू नका. ज्या रविवारी तुमी रायफल मारून येता, त्या रविवारी तुमी हितं जेवाय बसला की उजवा हात ताटाजवळ ठेवता. तुमच्या ध्यानात येत न्हाय. मी बगती."

मृत्युंजयनं खाली बघितलं. आज शुक्रवार होता. उजवा हात मांडीखाली होता.

"पर त्यात नंबर न्हाय येणार," तो म्हणाला.

"ते मला कळत न्हाय," महादेवी म्हणाली. "मी जे बगितलं ते सांगितलं."

शनिवारी मालकानं त्याला एक गिअर पोचवायला इचलकरंजीला पाठवलं. काम तासाभरात झालं. परत फिरताना बसस्टँडजवळ भाजीवाल्यांच्या रांगेत त्याला चिमणाबाई दिसली. केस पांढरे झाले होते, अंगानं निम्मी राहिली होती, पण उभं राहायची ढब तीच, कमरेवर एक हात ठेवून. त्याची पहिली ओढ वळून दुसऱ्या बाजूनं जायची होती. आठ वर्षांत तो तिला एकदाही भेटायला आला नव्हता. दवाखान्यात ती दोनदा येऊन गेली तेव्हाही त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं.

पण तिनं बघितलं. "कोण रं? मृत्युंजय जॉबर न्हवं?"

"व्हय, चिमणामावशी."

ती जवळ आली. भाजीची पिशवी खाली ठेवली. आणखी काही बोलायच्या आत तिनं त्याच्या खिशाकडं बघितलं. "हात दाखीव."

"असू दे की मावशी."

"दाखीव म्हंते."

भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांत, त्यानं हात बाहेर काढला. चिमणाबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, जिथं बोटं संपली होती तिथं अंगठा फिरवला. आणि एकाएकी तिच्या डोळ्यांना धार लागली.

"मला माफ कर रं लेकरा," ती म्हणाली.

मृत्युंजयला काही समजेना. "तुमाला? कशापायी?"

"मी पडलते. बटणाकडं पळताना कांड्यांच्या टोपलीत पाय अडाकला नी आडवी झाले. उठून जाईस्तोवर पट्टा फिरतच हुता. पडले नसते तर एकच बोट गेलं असतं तुझं. तू दवाखान्यात तोंड फिरवलंस तवा कळलं मला, की तुला ते ठाऊक हाय. आठ वर्सं झाली. माग बंद झाला की अजून मला ती टोपली दिसती."

मृत्युंजय तिथंच फुटपाथच्या कडेला खाली बसला. त्याला टोपलीचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड फिरवलं ते स्वतःच्या लाजेनं. आणि ही बाई त्याचा हात वाचवून वर आठ वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत बसली होती, कारण तो एकदा येऊन दोन शब्द बोलला नव्हता.

"मावशी, डॉक्टर काय म्हणालते सांगू?" तो म्हणाला. "म्हणालते, अजून दोन फेरं फिरलं असतं तर कोपरापास्नं गेला असता. ह्यो अंगठा हाय, हे बोट हाय, ते तुमच्यामुळं हाय. मीच आलो न्हाय सांगायला. मला तोंड नव्हतं. मोटर चालू ठेवून पट्टा चढवायची मस्ती माझी हुती."

चिमणाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग? आता ह्यो हात काय करतोय?"

"काय न्हाय. सगळं डाव्यानंच करतो."

"काय म्हंजे कायच न्हाय?"

"न्हाय."

"मग मी काय खिशात ठेवाय वाचवला व्हय रं ह्यो?" चिमणाबाई म्हणाली. तिच्या त्या आवाजावर भाजीवाली हसली. मृत्युंजयही हसला, आणि हसता हसता त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या घरी जाऊन चहा पिऊन तो संध्याकाळच्या बसनं परतला. रविवारी रेंजवर गेला तो थेट सुभेदारांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"रायफल लिवा."

सुभेदारांना वाटलं चेष्टा चाललीय. मग त्यांचा चेहरा बदलला. "डोकं फिरलंय काय तुझं? पिस्तुलात तू जिल्ह्यात दुसरा. पुढच्या साली राज्याला नेणार हुतो. रायफलीत तुझं कागद बगवत न्हाईत मला! तीन वर्सं घासलं तुला, ते ह्याच्यासाठी?"

"तुमचं सगळं बरोबर हाय सुभेदार. तुमी शिकवलं म्हणून तर मी हितं उभा हाय. पर मला त्या हाताला काम द्यायचं हाय. नंबर न्हाय आला तरी चालंल."

"तुला चालंल! मला?"

त्या 'मला'त बरंच काही होतं. हंबीररावांना स्वतःला तरुणपणी सैन्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं आणि ऐन वेळी गुडघ्यानं दगा दिला होता. आपला एक तरी गडी तिथं उभा राहिलेला बघायचा, ही त्यांची आस रेंजवर सगळ्यांना ठाऊक होती. मृत्युंजयलाही होती. म्हणून तर त्यानं आठवडाभर ज्याला त्याला विचारलं होतं. पण त्यानं शब्द बदलला नाही.

सुभेदारांनी एक कोरा कागद टेबलावर आपटला. "हात ठेव ह्याच्यावर. उजवा. पालथा."

मृत्युंजयनं हात ठेवला. सुभेदारांनी पेन्सिल घेऊन हाताच्या कडेकडेनं रेघ मारली, मनगटापासून अंगठ्यापर्यंत, बोट, मग तुटलेल्या जागा. टेप लावून मापं लिहिली. खांद्यापासून कोपर, कोपरापासून तळवा, मान, गाल. "जा आता," म्हणाले.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी मृत्युंजयशी कामापुरतं सोडून बोलणं ठेवलं नाही. मृत्युंजय येत राहिला, ताराही दुरुस्त करत राहिला.

रायफल यायला सात महिने लागले. नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, सुभेदार स्वतः मुंबईला जाऊन ती घेऊन आले. लांब काळी पेटी टेबलावर ठेवली आणि सगळे भोवती जमले. मृत्युंजयनं कड्या उघडल्या. आत डाव्या खांद्याची रायफल होती, गालाची टेक बरोबर बाजूला, लाकडाला तेलाचा मंद वास. तिच्याशेजारी कापडात गुंडाळलेला लाकडाचाच एक वेगळा ठोकळा होता. वर सपाट, खाली एका बाजूला खोलगट.

"ह्यो काय?" त्यानं विचारलं.

विजयसिंह वकिलांनी सांगितलं. सुभेदारांनी ते उत्तर बोलून दाखवलंच नसतं. त्यांनी त्या हाताच्या रेघेचा कागद मागणीबरोबर पाठवला होता. वकिलांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं होतं की आमच्या माणसाच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत, त्याच्या तळव्यावर रायफल नीट टेकेल असं काही करता येईल का? तिकडच्या कुणा कारागिरानं तो कागद समोर ठेवून हा ठोकळा कोरून दिला होता, वेगळे पैसे न घेता. सोबत चिठ्ठी होती. वकिलांनी वाचून दाखवली. चांगला नेम लागो, एवढंच लिहिलं होतं आणि खाली सही.

मृत्युंजयनं ठोकळा रायफलला बसवला आणि तळवा खाली लावला. जिथं बोटं नव्हती तिथं लाकूड होतं. कुठल्या तरी देशातल्या, कधी न दिसणाऱ्या माणसानं त्याचा हात मन लावून बघितला होता. आणि हे सगळं त्या माणसानं घडवून आणलं होतं, ज्याचा त्यानं हिरमोड केला होता.

तो सुभेदारांच्या पायाला हात लावायला वाकला. उजवा हात.

"ऊठ, ऊठ," सुभेदार म्हणाले. "नाटकं करू नगंस. वीस मार."

सुरुवातीचे दिवस सोपे गेले नाहीत. जाकीट वकिलांनी आपलं जुनं दिलं. महादेवीनं ते उसवून त्याच्या मापाला शिवलं, आणि जुन्या चामडी पिशवीचे तुकडे कापून हाताचा मोजाही तिनंच बनवला, दोन बोटांचा, आत जाड कापसाची गादी घातलेला. मशीनची सुई त्या चामड्यात चार वेळा मोडली. मृत्युंजयची पाठ भरून यायची, कमरेला कळा लागायच्या. पहिल्या जिल्हा स्पर्धेत तो शेवटून तिसरा आला. ज्या पोरांना पिस्तुलात त्यानं मागं टाकलं होतं, ती पुढं निघून गेली. त्यातला एक पुढं राष्ट्रीयलाही जाऊन आला. ती बातमी मृत्युंजयनं दोनदा वाचली. पिस्तूल घेतलं असतं तर तिथं आपण असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पेढ्यांचा पुडा नेऊन त्या पोराला दिला आणि रविवारी नेहमीसारखा रेंजवर गेला.

गुण वाढायला दोन वर्षं लागली, पण वाढले. मागाचा आवाज ऐकायची त्याची जुनी सवय इथं कामी आली. श्वास कुठं अडतोय, वजन कुठं सांडतंय, ते तो आतल्या आत ऐकायला शिकला. आणि त्या काळात, कधी ते त्यालाही सांगता येणार नाही, त्याचा हात खिशात जायचा बंद झाला. वर्कशॉपात तो उजव्या तळव्यानं लोखंडाचा तुकडा दाबून धरायला लागला. लग्नात अक्षता त्याच हातानं टाकायला लागला. नवीन आलेल्या कामगारानं हाताचं विचारलं की तो आधी मोटर बंद करायला लावायचा आणि मग सगळी हकीकत सांगायचा, स्वतःच्या मस्तीसकट.

दोन हजार सातमध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा राज्य स्पर्धेला पात्र ठरला. स्पर्धा पुण्याला होती. सुभेदार बरोबर गेले, महादेवीही गेली. तिनं रेंजवर त्याला कधी बघितलंच नव्हतं.

साठ छर्रे मारायचे होते. पहिल्या चाळिसांत तो बरा होता. मग एक छर्रा आठ गुणांच्या गोलात गेला, पाठोपाठ दुसरा. घाम डोळ्यांत उतरला. त्यानं रायफल खाली ठेवली, मोजा काढून हात पुसला आणि वळून बघितलं. मागं प्रेक्षकांत महादेवी पदराचं टोक बोटांना गुंडाळत बसली होती. तिच्या शेजारी सुभेदार काठीवर हनुवटी टेकून. या रायफलीला, या जाकिटाला, या मोज्याला किती जणांचे हात लागलेत, हे त्याच्या मनात आलं. घाई करावी असं काहीच नव्हतं. त्यानं मोजा चढवला आणि पुन्हा नेम धरून उभा राहिला. उरलेल्यांत एकच आठ गेला, बाकी सगळे नऊ आणि दहा.

यादी लागली. मृत्युंजय चौदावा होता. पदक नाही, फोटो नाही. पण आजवरचे त्याचे सगळ्यांत जास्त गुण तेच.

महादेवीनं विचारलं, "चौदावा म्हंजे चांगला काय?"

"सत्तर जणांत," सुभेदारांनीच उत्तर दिलं.

दुपारच्या एस.टी.नं तिघं निघाली. गाडी साताऱ्याला थांबली तशी सुभेदार गुडघ्यावर हात दाबत उतरले आणि बराच वेळ आलेच नाहीत. कंडक्टर घंटी वाजवायच्या बेतात असताना ते कंदी पेढ्यांचा किलोचा बॉक्स घेऊन चढले. तिथंच दोरा तोडला आणि पुढच्या सीटपासून एकेकाला पेढा द्यायला लागले.

"काय झालं म्हाताऱ्याबा? नातू झाला काय?" एकानं विचारलं.

"गडी चौदावा आलाय माझा," सुभेदार म्हणाले.

माणूस गोंधळला. "चौदाव्या नंबराचं पेढं वाटत्यात व्हय?"

"मी वाटतोय की. तू खा," सुभेदार म्हणाले, आणि पुढच्या सीटकडं वळले.